इस्तंबूलचा पहिला दिवस: तोपकापी उद्यावर ठेवा

इस्तंबूलच्या टी-वन ट्राममध्ये बसलं की थांब्यांची नावं पुकारली जातात आणि मराठी कान टवकारतात. तोपहाने म्हणजे तोफखाना. गुलहाने म्हणजे गुलाबांचं घर. ज्या राजवाड्यासाठी सगळे येतात तो तोपकापी म्हणजे चक्क तोफदरवाजा. 'तोफ' हा शब्द आपल्याकडे आलाच तुर्कीतून, आणि शब्दामागोमाग माणसंही आली. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. ती ओतणाऱ्या मुहम्मदच्या नावापुढे 'रूमी' लागतं. रूमी म्हणजे रूमचा, उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या मुलखातला.

तेव्हा भाषेची फार धास्ती घेऊ नका. पहिल्या दिवशी माणूस फसतो तो वेळापत्रकात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मशिदीच्या दारात पोचलो तर नमाज सुरू झालेली, मोठ्या बाजारात गेलो तर रविवार, आणि राजवाड्याच्या रांगेत उभा राहून आत शिरलो तेव्हा पाय इतके दुखत होते की सुलतानाच्या खजिन्यापेक्षा तिथल्या बाकड्याचं कौतुक जास्त वाटलं. पुढचा सगळा क्रम त्या फजितीतून तयार झालेला आहे. हे शहर अजानच्या आणि बोटींच्या वेळांवर चालतं. आपला दिवस त्या वेळांना बांधला की बाकीचं सोपं होतं.

घरून निघण्याआधी

व्हिसाचं आधी. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल, तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळू शकतो. नसेल तर अर्ज केंद्रात कागद देऊन स्टिकर व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तुर्की सरकारचंच संकेतस्थळ उघडून बघा. शोधल्यावर सगळ्यात वर येणारं संकेतस्थळ बऱ्याचदा एखाद्या दलालाचं असतं.

मग कॅलेंडर काढा. तोपकापी मंगळवारी बंद. छताचा मोठा बाजार, म्हणजे कापालीचार्शी, रविवारी बंद. शुक्रवारी दुपारच्या मोठ्या नमाजासाठी मशिदी पर्यटकांना बराच वेळ बंद. शक्य असेल तर पहिला दिवस शुक्रवार येऊ देऊ नका.

मुक्काम जुन्या शहरात करा, सुलतानअहमत किंवा सिर्केजी भागात. 'ताक्सीमला राहा, तिथे रात्रीची मजा आहे' असं सांगणारे भेटतील. त्यांचं खोटं नाही, पण पहाटे सहा वाजता हागिया सोफियासमोर पायी पोचता येणं ही चैन ताक्सीमच्या हॉटेलातून मिळत नाही.

बूट लेस नसलेले घ्या, कारण दिवसातून अनेकदा काढावे लागतील, पण तळवा जाड हवा. रस्ते दगडी आणि चढउताराचे आहेत. बायकांनी एक मोठी ओढणी किंवा स्टोल पर्समध्ये ठेवावा. पुरुषांनीही अर्ध्या चड्डीत मशिदीत जाण्याचा विचार सोडावा. फोनसाठी ई-सिम भारतातूनच सुरू करून न्या, विमानतळावरचं सिम महाग पडतं.

विमानतळ ते खोली

शहराला दोन विमानतळ आहेत, आणि तिकिटावर कोणता लिहिलाय ते बघितल्याशिवाय हॉटेल घेऊ नका. मोठा 'इस्तंबूल विमानतळ' युरोपच्या बाजूला, शहराच्या जुन्या भागापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. दुसरा साबिहा ग्योकचेन, आशियाच्या बाजूला. तो तुर्कस्तानच्या पहिल्या लढाऊ महिला वैमानिकाच्या नावाचा आहे. मोठ्या विमानतळावरून 'हवाईस्त' नावाच्या बस सुटतात. अक्सरायकडे जाणारी पकडली की पुढे ट्रामने सुलतानअहमत गाठता येतं. पिवळी टॅक्सी घेतलीत तर बसल्याबसल्या 'ताक्सीमेत्रे' एवढा एक शब्द म्हणा आणि मीटरकडे बोट करा.

एटीएममधून पैसे काढताना यंत्र विचारतं, रक्कम रुपयांत वळवू का? नाही म्हणा आणि लिराच निवडा. रुपयांचा तो दर यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. आणि महागाईमुळे लिरातले भाव इतके बदलतात की दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्याही प्रवासवर्णनातला चहाचा दर आज निरुपयोगी आहे. म्हणून मीही इथे लिरातला एकही भाव लिहीत नाही.

ट्रामच्या थांब्यापाशी पिवळी यंत्रं दिसतील. तिथून 'इस्तंबूलकार्त' घ्या. ट्राम, मेट्रो, बस, बोट सगळीकडे हेच कार्ड चालतं.

पाट्या वाचायची एक युक्ती इथेच सांगतो. तुर्कीत रोमन सी अक्षराचा उच्चार 'ज' होतो. सीला खाली शेपटी असेल तर 'च', आणि एसला शेपटी असेल तर 'श'. त्यामुळे पाटीवर 'कामी' दिसेल ते 'जामी', म्हणजे मशीद. एवढं कळलं की ओळखीचे शब्द आपोआप सापडू लागतात: दुक्कान, साबुन, शेकेर, बादेम, मेयदान. साखर, बदाम, मैदान लगेच उलगडतं. पेयनीर म्हणजे चीज, आपल्या पनीरचा सख्खा भाऊ. आणि हॉटेलात जेवण झाल्यावर बिल मागायचं तर 'हेसाप, लुत्फेन'. हिशोब द्या, कृपया.

पहाट

आपलं घड्याळ तुर्कस्तानच्या अडीच तास पुढे. मुंबईत साडेसात वाजता उठणारा माणूस इस्तंबूलमध्ये पहिल्या दिवशी पाच वाजता टक्क जागा होतो. कूस बदलत पडू नका, बाहेर पडा. हे दोन तास म्हणजे या प्रवासातला सगळ्यात मोठा फायदा. फक्त हिवाळ्यात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: तुर्कस्तान वर्षभर एकच वेळ पाळतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात बरे.

पहाटे थेट हिप्पोड्रोमवर जा. आज ते लांबट मोकळं मैदान आहे. भिंती नाहीत, तिकीट नाही, फक्त मांजरं आणि झाडूवाले. एकेकाळी इथे रथांच्या शर्यती व्हायच्या. मधोमध तीन खांब उभे आहेत आणि घाईतले पर्यटक त्यांचा एक फोटो काढून निघून जातात. तुम्ही थांबा. पहिला खांब इजिप्तचा आहे. फेरो तिसऱ्या थुतमोसने तो कार्नाकच्या देवळात उभारला होता, म्हणजे त्याचं वय साडेतीन हजार वर्षांच्या आसपास. रोमन सम्राट थिओडोसियसने ३९० साली तो इथे उभा केला, आणि खालच्या चौथऱ्यावर शर्यत बघत बसलेला स्वतःचा दरबार कोरून घेतला. दुसरा, पिळाच्या दोरखंडासारखा हिरवट खांब, म्हणजे एकमेकांभोवती वेटोळे घातलेले तीन ब्राँझचे साप. ग्रीकांनी इ. स. पूर्व ४७९ मध्ये प्लाटियाला इराण्यांचा पराभव केला, त्याची ही आठवण. मूळची डेल्फीच्या देवळातली. सापांची डोकी आता नाहीत. तिसरा दगडांनी रचलेला, ओबडधोबड. त्यावर एकेकाळी झळाळता पत्रा होता. १२०४ साली आलेल्या चौथ्या धर्मयुद्धाच्या सैनिकांनी तो उचकटून नेला. धर्मयुद्ध जेरुसलेमसाठी होतं, लुटलं मात्र हे ख्रिस्ती शहर.

याच मैदानात जानेवारी ५३२ मध्ये शर्यतीच्या दोन गटांचे पाठीराखे एक होऊन सम्राट जस्टिनियनवर उलटले. शहर पेटलं. सैन्याने मैदानाची दारं अडवून आतल्यांना कापलं. तेव्हाचा इतिहासकार प्रोकोपियस तीस हजार मृत सांगतो. त्या आगीत शेजारचं मोठं चर्च जळालं, आणि त्या जागी महिन्या-दीड महिन्यातच नव्याचं काम सुरू झालं. ते नवं म्हणजेच समोर दिसणारी हागिया सोफिया. म्हणून आधी मैदान आणि मग ती इमारत, हा क्रम उलटा करू नका.

मग न्याहारी. तिला तुर्कीत 'काहवाल्ती' म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधीचं. पूर्ण थाळी घेतली तर चीज, ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, मध, साय आणि न संपणारा पाव येतो. शाकाहारी माणसाला सगळ्यात निश्चिंत असं हे जेवण आहे. पण पहिल्या दिवशी रस्त्यावरच्या गाडीवरून सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, आणि चहा घ्या, दिवस हातात राहतो. चहा दुधाविना येईल. दूध मागू नका, उगाच दोघांची पंचाईत होते.

नऊ वाजता हागिया सोफिया

दार उघडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं रांगेत असा. ही इमारत ९१६ वर्षं चर्च होती, १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी शहर जिंकल्यावर मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय आणि जुलै २०२० पासून पुन्हा मशीद. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरोंचं तिकीट आहे, प्रवेश वेगळ्या दाराने, आणि फिरता येतं ते वरच्या सज्जातून. खालचा गालिचा नमाज पढणाऱ्यांसाठी. पैसे जास्त आहेत, ही तक्रार रास्तच. पण तिकीट वाचवायला म्हणून हे सोडू नका, वाचवायचं तर दुसरं काही वाचवा.

वर गेल्यावर आधी घुमटाकडे बघा. व्यास साधारण ३१ मीटर, उंची ५५ मीटरच्या आसपास. विजापूरचा गोलघुमट बघितलेल्या माणसाला आकाराचं फार वाटणार नाही, गोलघुमट याहून रुंद आहे. मात्र गोलघुमट १६५६ चा, आणि हा ५३७ चा. घारापुरीची लेणी साधारण याच शतकात खोदली जात होती. आपले कारागीर डोंगर पोखरत होते तेव्हा इथले दोघे, ट्रॅलेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर, चौकोनी पायावर गोल छत कसं टेकवायचं हे सोडवत होते. पहिल्या फटक्यात नीट सुटलं नाही. ५५८ मध्ये घुमट कोसळला, आणि ५६२ मध्ये जास्त उंच घुमट पुन्हा बांधला गेला.

सज्जात तीन गोष्टी शोधा. येशूचं सोनेरी मोझेक, ज्याचा खालचा भाग गेलाय पण चेहरा असा शाबूत आहे की माणूस गप्प होतो. जमिनीवर 'दांदोलो' असं कोरलेला दगड: चौथ्या धर्मयुद्धाला इकडे वळवणारा व्हेनिसचा हा म्हातारा पुढारी इथेच पुरला गेला, दगड नंतरचा आहे. आणि संगमरवरी कठड्यावर ओरखडलेली उत्तर युरोपच्या रूनी लिपीतली अक्षरं, ज्यांत 'हाल्फदान' हे नाव वाचता येतं. बहुधा सम्राटाच्या पदरी असलेला कुणी व्हायकिंग. किल्ल्यांच्या बुरुजांवर नावं कोरणाऱ्या आपल्या पोरांचा हा थोर पूर्वज.

निळी मशीद, हौद, आणि एक चेंगट रांग

बाहेर आल्यावर समोर सहा मिनारांची सुलतान अहमतची मशीद आहे, जिला जग निळी मशीद म्हणतं. प्रवेश फुकट. १६१६ च्या सुमारास पूर्ण झाली, आत इझनिक गावच्या वीस हजारांहून जास्त फरश्या. दुपारच्या अजानच्या आधी आत जाऊन बाहेर या. नमाजाच्या वेळी पर्यटकांना तास-दीड तास थांबवतात. दारावर त्या दिवसाच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्या सकाळीच जाता जाता बघून ठेवा.

जमिनीखालचा येरेबातान हौद हाही जस्टिनियनच्याच काळातला. ३३६ खांब, बारा ओळींत, आणि खाली उथळ पाणी. १९-२० किलोमीटरवरच्या जंगलातून पाणी नळांनी शहरात आणून इथे साठवत. कात्रजहून पुण्याच्या हौदांत पाणी आणणारी पेशवाईतली योजना ज्यांना माहीत आहे, त्यांना इथे घरच्यासारखं वाटेल. टोकाला दोन खांबांखाली मेड्युसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसिणीची, दगडी डोकी आहेत, एक उलटं, एक आडवं. त्यावर गाईड भुताखेताच्या गोष्टी सांगतील. मला वाटतं, जुन्या पडक्या इमारतीचे दगड हाताशी होते आणि उंची जुळवायला ते तसे बसवले, बाकी काही नाही. रांग चौकाला वळसा घालून गेली असेल तर हौद उद्यावर टाका. रांगेत एक तास आणि आत अर्धा तास, हा सौदा पहिल्या दिवशी परवडत नाही.

याच चौकात तुम्हाला मित्र भेटतील. 'इंडिया? शाहरुख खान!' इथून सुरू होणारं संभाषण बहुतेक वेळा गालिच्याच्या दुकानात संपतं. सफरचंदाचा चहा प्यायला हरकत नाही, पण घड्याळ बघत प्या. बूट पॉलिशवाला पुढे चालताना ब्रश पाडतो. तुम्ही उचलून दिला की कृतज्ञतेने तुमचे बूट चमकवतो आणि मग भरमसाट पैसे मागतो. ब्रश मीही उचलून दिला होता, तेही कापडी बुटांवर. आणि संध्याकाळी एकट्या पुरुषाला 'चल, एक ड्रिंक घेऊ' म्हणणारा अनोळखी दोस्त आला तर सरळ पाठ फिरवा. त्या बिलाचा हेसाप फार मोठा असतो.

जेवण

चौकातली, दारात माणूस उभा राहून बोलावणारी हॉटेलं टाळा. दोन गल्ल्या आत जाऊन 'एस्नाफ लोकान्तासी' शोधा, म्हणजे दुकानदारांची खानावळ. पदार्थ काचेमागे ट्रेमध्ये मांडलेले असतात. बोट दाखवायचं आणि ताट घ्यायचं.

शाकाहारी लोकांसाठी जरा सविस्तर. 'एत' म्हणजे मांस, 'एतसिझ' म्हणजे मांस नसलेलं. पण तेवढ्यावर विसंबू नका. डाळीचं मेर्जिमेक सूप आपल्या आमटीच्या जवळचं आणि सुंदर, तरी कधी कधी ते मटणाच्या पाण्यात केलेलं असतं. 'एत सुयू वार मी?' असं विचारा. भाताचंही तेच, कोंबडीचं पाणी असू शकतं. सगळ्यात सुरक्षित शब्द 'झेयतिन्याली': ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या. फरसबी, द्राक्षाच्या पानातली भाताची सुरळी, आणि 'इमाम बायिल्दी' नावाचं भरलं वांगं, ज्याचा अर्थ 'इमाम बेशुद्ध पडला'. चवीने की तेलाच्या खर्चाने, यावर तिकडेही वाद आहे. 'ची क्योफ्ते' हे नाव कच्च्या मांसाचं असलं तरी छोट्या दुकानांतून मिळतं ते बहुतेक दलिया आणि तिखटाचं, मांस नसलेलं. पानात गुंडाळून वर लिंबू पिळतात, खाऊन बघाच. सोबत आयरान घ्या. आयरान म्हणजे खारं ताक, दुसरं काही नाही. पाणी बाटलीचं प्या.

आणि युरोपात फिरून हळहळलेल्या मंडळींसाठी: इथल्या संडासात पाण्याची नळी असते.

दुपारी उतारावरून खाली

ट्रामच्या रुळांच्या कडेने चालत गुलहाने बागेत जा आणि झाडाखाली अर्धा तास आडवे व्हा. हा वेळ वाया घालवणं नाही, संध्याकाळसाठी पाय राखून ठेवणं आहे. तोपकापी या बागेच्या भिंतीपलीकडेच आहे. मोह होईल. जाऊ नका, त्याला स्वतंत्र सकाळ लागते.

तिथून खाली एमिनोनूला, बोटींच्या धक्क्याकडे. मसाल्याच्या बाजाराचं तुर्की नाव 'मिसिर चार्शीसी', मिसरचा बाजार, कारण तो इजिप्तच्या महसुलातून बांधला. आतून एक फेरी मारा, पण केशर आणि सुका मेवा बाहेरच्या गल्लीत, जिथे तिथल्या बायका पिशव्या घेऊन उभ्या असतात तिथे विचारा. शेजारची 'येनी जामी' म्हणजे नवी मशीद. १६६५ ची आहे. पुण्यातला नवा पूल शंभरी उलटूनही नवाच राहिला, तशातली गत.

चार-पाच वाजता पाण्यावर

हा दिवसाचा कळस आहे आणि त्याला फक्त कार्ड टेकवायचं भाडं लागतं. बॉस्फरस म्हणजे युरोप आणि आशियामधली सामुद्रधुनी. धक्क्यावर 'बॉस्फरस टूर' म्हणून ओरडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा आणि शेहिर हातलारीची, म्हणजे शहराची साधी प्रवासी बोट पकडा, उस्कुदारची. वरच्या उघड्या डेकवर बसा. चहावाला ट्युलिपच्या आकाराचे पेले घेऊन येईल. सीगल बोटीबरोबर उडतील आणि लोक त्यांना सिमितचे तुकडे फेकतील. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीवर जे चालतं तेच, फक्त मागे मिनार.

डाव्या हाताला, दूर युरोपच्या काठावर पांढरा लांबलचक राजवाडा दिसेल, दोल्माबाहचे. मार्च १९२४ मध्ये खिलाफत रद्द झाली तेव्हा शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांना इथूनच रातोरात देशाबाहेर काढलं. त्यांच्या मुलीचं, दुर्रेशेहवारचं, १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या मुलाशी लग्न झालं. खलिफांसाठी म्हणून बांधलेली कबर आजही आपल्या खुलताबादजवळ आहे, रिकामी. ते पॅरिसमध्ये वारले आणि मदिनेत दफन झाले.

पंधरा-वीस मिनिटांत आशिया येतो. उतरून किनाऱ्याने उजवीकडे सालाजाककडे चालत राहा. पाण्यात एकटा बुरूज दिसेल, मुलीचा बुरूज. दंतकथा अशी: राजकन्या सर्पदंशाने मरणार हे भाकीत ऐकून बापाने तिला या बुरुजात ठेवलं, आणि फळांच्या टोपलीतून साप आलाच. परीक्षित राजाची गोष्ट ऐकलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. इथल्या पायऱ्यांवर बसा. सूर्य जुन्या शहरामागे मावळतो आणि सकाळी जवळून बघितलेले सगळे घुमट एका ओळीत काळे उभे राहतात. मग चारी बाजूंनी संध्याकाळची अजान सुरू होते.

परतताना बोट नको, मार्माराय घ्या. २०१३ साली सुरू झालेली ही गाडी समुद्राच्या तळाखालून जाते, सगळ्यात खोल भागात साधारण ६० मीटर. उस्कुदारहून पुढचंच स्टेशन सिर्केजी, म्हणजे युरोप. आत शिरताना कार्डातून पूर्ण लांबीचं भाडं कापलं जातं. बाहेर पडल्यावर दाराजवळच्या छोट्या यंत्रावर कार्ड पुन्हा टेकवलं की उरलेले पैसे परत येतात. यंत्रावर 'इयादे' लिहिलेलं असतं, आणि नवखे लोक हमखास ते न बघता पुढे जातात. सरकते जिने लांब आहेत, घाई करू नका.

उद्या तोपकापी. मंगळवार नसेल तर.